फडावरच्या आईबापांना फोनवरचा शेजार

(विटा येथे मंडळीच्या सभासदांसमोर व कामाच्या देणगीदारांसमोर दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



आज मला जो विषय दिला आहे तो ऐकून आपल्यापैकी दोघा-तिघांनी दारातच मला विचारलं, “ताई, मोबाइलनं घरं बिघडली म्हणून आम्ही रडतोय आणि तुम्ही मोबाइलनं घरं सांभाळायचं सांगणार?” प्रश्न रास्त आहे. मीही मोबाइलचं कौतुक करायला उभी नाही. हंगामापुरतं गाव सोडून गेलेल्या आईबापांना एकमेकांचा आधार कसा देता येतो, आणि त्या आधारामुळे लेकरांवरचा मार, चटका, उपासमार कशी टळू शकते, एवढंच मी सांगणार आहे. फोन हे त्यातलं साधन आहे. शेवटी मी आपल्याकडे काही मागणारही आहे, म्हणून लक्ष असू द्या.

आधी मुलांविषयी बोलू. आपल्या देशात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला मारहाण झाल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. हे आकडे काही आदिवासी वस्त्यांपुरते नव्हते. शहरातली, शाळेत जाणारी, चांगल्या घरातली मुलंही त्यांत होती. तेव्हा पारधी वस्तीवरचा बाप लेकराला मारतो आणि आपण मारत नाही, असं समजून कोणी हे ऐकू नये. छडी लागे छमछम हे आपण सगळेच म्हणत आलो.

पण काही घरांवर ताण फार असतो आणि तो ताण झेलायला जवळ माणूस नसतो. त्या घरातल्या लेकराला धोका जास्त. आमचा सगळा विचार इथून सुरू होतो.

हंगाम आणि घर

आपलं विटा, खानापूर तालुका, आटपाडी हा सगळा पट्टा दुष्काळाचा. पाणी नव्हतं म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायची कला घेऊन देशभर गेली. केरळापासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत आपले गलाई बांधव आहेत. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा भाऊ, दीर, मामा बाहेर आहे. घर आजीनं सांभाळायचं, बापानं पैसे पाठवायचे आणि सणाला यायचं, ही रीत विट्याला नवी नाही. लांब गेलेल्या माणसाशी घर कसं जोडून ठेवायचं हे इथल्या घरांना कोणी शिकवावं लागत नाही. आज त्या घरांत रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. नातवाची शाळा, सुनेचं दुखणं, म्हशीचं दूध, सगळं त्यावर बोललं जातं.

आता टेंभूचं पाणी आलं. ज्या माळावर कुसळं होती तिथं ऊस उभा राहिला. ऊस आला तशी तोडणारी माणसं आली. बीड, धाराशिव, सोलापूर, जत या भागांतून टोळ्या येतात, नंदुरबार-धुळ्याकडून भिल्ल, पावरा कुटुंबं येतात. टोळीत फासेपारधी घरं असतात. कातकरी कुटुंबं बहुधा वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि उन्हाळा तापला की परत. वर्षाचे पाच-सहा महिने घर म्हणजे पाचटाची, नाहीतर ताडपत्रीची कोपी.

या कामात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मोकळीक नाही. एक दिवस गेलं नाही तर खाडा. बाई आजारी असो, दिवस भरत आलेले असोत, मूल तापलेलं असो, खाडा लागतोच. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात पोचायचं, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणं, मग गाडी भरायची. कधी गाडी रात्री लागते, तेव्हा रात्रीही मोळ्या वाहायच्या. मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची असली तर धाकट्याला तीच सांभाळणार. मुलगा वाढं गोळा करणार. काही घरं मुलांना गावी आजीपाशी ठेवतात. आजी म्हातारी, तिला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि तिच्या अंगावर चार नातवंडं.

अशा घरात लेकरू रडतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलेलं आहे. दोन दिवस न झोपलेल्या आईचा हात उठतो. बाप दारू प्यायलेला असतो. बरं, गावी असताना शेजारीण असते, सासू असते, “अगं मारू नको गं, आण इकडं” म्हणणारी कोणीतरी म्हातारी असते. फडावर ती म्हातारी नाही. पलीकडच्या कोपीतली बाईही तितकीच दमलेली आणि कदाचित वेगळ्या जिल्ह्यातली, वेगळ्या बोलीची.

मुलांवरचा अत्याचार थांबवायचा म्हणजे फक्त गुन्हेगाराला पकडायचं, असं आपल्याला वाटतं. काही वेळा तसंच असतं आणि तिथं दयामाया नको. पण आमच्या कामात दिसणारी बरीच घरं या जातीची नाहीत. तिथं आईला लेकरू नको नसतं, तिला झोप हवी असते. तिला विचारणारं कोणी हवं असतं.

इतर ठिकाणी काय झालं

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास एका आईनं, आपल्या हातून आपल्या मुलीला इजा होते आहे हे ओळखून मदत मागितली. लिओनार्ड लीबर नावाच्या समाजसेवकानं तिला साथ दिली आणि तिच्यासारख्या आयांचा एक गट बसू लागला. त्यातून पुढं ‘पेरेंट्स ॲनॉनिमस’ ही संस्था उभी राहिली. तिथं पालक एकमेकांना आपली अडचण सांगतात आणि कोणी कोणाला दोषी ठरवत नाही. पालकानं पालकाला धीर द्यायचा, हीच त्यांची रीत.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ४० गावं-वस्त्यांमधल्या ५५२ कुटुंबांबरोबर असाच एक कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गट चालवणारी माणसं डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हती, त्याच भागातली साधी माणसं होती. कार्यक्रमानंतर मारझोड कमी झाल्याचं पालकांनी सांगितलं. कोरोना आला, गट बसणं बंद झालं, तेव्हा याच लोकांनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासोबत पालकांसाठी छोट्या छोट्या सूचना तयार केल्या. त्या शंभराहून जास्त भाषांत गेल्या. पुढं फोनवरच्या चॅटमधून पालकांचे गट चालवण्याचे प्रयत्न झाले.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कितीतरी तरुण बायका विधवा झाल्या. अकोल्याचे नव्हे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले गावचे हेरंब कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. लॉकडाऊनचे दिवस, कोणाला भेटता येत नव्हतं. जिल्ह्याजिल्ह्यांतले कार्यकर्ते व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडले गेले. कुठल्या बाईचं रेशन बंद आहे, कुणाला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, कोणाच्या मुलाची फी थकली, हे ग्रुपवर येऊ लागलं आणि तालुक्यातला माणूस त्या दारी जाऊ लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून तालुका पातळीवर समित्या नेमल्या. विधवा आईला आधार मिळाला की तिच्या मुलांचं छत्र टिकतं. मुलांचं रक्षण करण्याचा तो एक मार्गच झाला.

शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या आयांना माता गटांची ओळख असेल. २०२२ च्या ‘पहिले पाऊल’ अभियानात शाळाशाळांतून हे गट झाले. आयांच्या फोनवर छोटी कृती येते, आया त्या मुलांकडून करून घेतात. अंगणवाडीच्या ताईंचेही पालकांचे ग्रुप आहेत. म्हणजे रस्ता तयार आहे. आमच्या लोकांचा त्यावर पाय पडत नाही, कारण ते शाळेच्या गावात नसतातच.

आमचा गट कसा चालतो

आता आमच्याकडची पद्धत सांगते. एका गटात वीस-बावीस घरांपेक्षा जास्त घरं आम्ही घेत नाही. गाव सोडण्याआधी, वस्तीवर बसून, तोंड ओळखीची झाल्यावरच गट बनतो. फोनवर आधी भेटायचं आणि मग विश्वास ठेवायचा, असं आमच्या लोकांत होत नाही. १८७१ च्या कायद्यानं पारधी समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली गेला, पण पोलीसगाडी दिसली की लेकरं आजही लपतात. अशा समाजातल्या आईला “तुझ्या घरातलं आम्हाला सांग” म्हणायचं असेल, तर आधी कितीतरी वेळा तिच्या चुलीपाशी चहा प्यावा लागतो.

गटात लिहिणं नाही. वाचता येणारे थोडे आहेत. सगळं व्हॉइस मेसेजवर चालतं आणि ज्याच्या त्याच्या बोलीत. पारधी बोलीत, पावरीत, मराठीत. दोन ॲडमिन असतात. एक आमच्यातली कार्यकर्ती, दुसरी त्या समाजातलीच एखादी जाणती बाई. गावी राहिलेल्या आज्यांनाही आम्ही गटात घेतो, कारण हंगामात खरी पालक तीच असते. रात्री आठच्या पुढं, भाकरी झाल्यावर, अर्धा-पाऊण तास ग्रुप जागा असतो. बाकी वेळ ज्याला गरज लागेल त्यानं बोलावं.

काय बोललं जातं? सुरुवातीला कामाचंच. अमुक कारखान्याच्या कोप्यांजवळ दवाखाना कुठं आहे, लस कुठं मिळेल, आधार हरवलं तर काय करायचं. मग हळूहळू घरचं. दर आठवड्याला आम्ही एक छोटी गोष्ट सांगतो. फडातून आल्यावर भाकरीला बसण्याआधी पाच मिनिटं लेकराला मांडीवर घ्या. चांगलं केलं तर नाव घेऊन सांगा. राग डोक्यात चढला तर लेकरू झोळीत ठेवून कोपीच्या बाहेर या, पाणी प्या, मग आत जा. तान्ह्या बाळाला रागानं हलवू नका, त्यानं मेंदूला इजा होते. यात पुस्तकी काही नाही. पण हे ऐकवणारी सासू जिथं नाही तिथं याची किंमत मोठी.

एक रात्र मी विसरणार नाही. एका तरुण आईचा मेसेज आला. आवाज इतका हळू होता की मी दोनदा ऐकला. ती म्हणाली, “तीन रात्री झाल्या, पोरगं रडतंय. आज मला वाटलं उचलून आपटावं. मला माझीच भीती वाटाय लागली.” मी उत्तर द्यायच्या आत सोलापूरकडच्या एका वयस्क बाईचा मेसेज आला, “बाई, ठेव त्याला झोळीत. दार उघड. बाहेर उभी राहा. मी बोलते तुझ्याशी, फोन ठेवू नको.” दुसरीनं विचारलं, “कुठल्या फडावर आहेस?” तिच्या भावाची कोपी तिथून चार कोप्या सोडून होती. त्याची बायको उठून गेली आणि तिनं रात्रभर पोर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आशाताईंशी बोलून बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. कान फुटायला आला होता. औषध मिळालं आणि चौथ्या रात्री बाळ झोपलं. त्या आईला कोणी “तू कसली आई” म्हटलं नाही. कारण ग्रुपवरच्या प्रत्येकीनं तशी एखादी रात्र काढलेली होती.

जिथं गप्प बसता येत नाही

पण सगळं इतकं गोड नसतं, आणि ते आपल्यापासून लपवलं तर मी आपल्याला अर्धंच सांगितलं असं होईल.

आमच्या गटात पहिल्या दिवशीच एक नियम सांगितला जातो. मराठीतही आणि त्यांच्या बोलीतही. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही, पण लेकराच्या जिवाला किंवा अब्रूला धोका आहे असं कळलं तर आम्ही गप्प राहणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारकच आहे. मुलाला क्रूरपणे वागवणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.

एका हंगामात एका आजीच्या बोलण्यात सहज आलं की नातीच्या हातावर चटक्याचे डाग आहेत आणि ते चुलीचे नाहीत. बाप दोन दिवस गावी येऊन गेला होता. आमची ॲडमिन पारधी समाजातलीच. रात्री अकराला तिनं मला फोन केला. म्हणाली, “ताई, मी फोन केला तर उद्या वस्तीत मला पाणी देणार नाहीत.” मी म्हटलं, फोन मी करते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नको. नियम मी सांगितला होता. मीच करते.” तिनं १०९८ लावला.

हा नंबर आपण सगळ्यांनी पाठ करावा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाइल्डलाइन सुरू झाली. आता ही सेवा सरकार चालवतं. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, आणि लेकरू स्वतःसुद्धा लावू शकतं.

दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं आली. मुलगी बालकल्याण समितीपुढं गेली. आपल्या लोकांना सगळ्यात मोठी भीती कसली असते? मूल उचलून नेतील आणि कधी देणार नाहीत, याची. कायदा तसं म्हणत नाही. मूल होईल तितकं कुटुंबात राहावं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं तोच बाल न्याय कायदा सांगतो. ती मुलगी आजीपाशीच राहिली, देखरेखीखाली. बापाला तिच्याजवळ यायला मनाई झाली. आजीनं बालसंगोपन योजनेसाठी अर्ज केला. या योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात.

पण त्या आठवड्यात चार घरं ग्रुपमधून बाहेर पडली. “तुम्ही पोलिसांची माणसं” असा एक मेसेज आला आणि मग शांतता. आमची ॲडमिन दोन महिने वस्तीत एकटी पडली. पुढं दोन घरं परत आली. त्यातलं एक घर त्या मुलीच्या आईचं होतं. बाप अजून आमच्याशी बोलत नाही आणि कदाचित कधी बोलणारही नाही. पण मुलगी शाळेत जाते. असं पुन्हा घडलं तर काय करायचं, हे आमच्या ॲडमिननं ठरवून ठेवलं आहे. तिला विचारावं लागत नाही.

अडचणी

या कामाच्या मर्यादा आपल्याला ठाऊक असाव्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. आमच्या वस्त्यांत फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. मारणारा तोच असेल तर त्याच फोनवर बाई काय सांगणार? म्हणून आम्ही ग्रुपच्या भरवशावर राहत नाही. फडावर प्रत्यक्ष जाणारी माणसं लागतातच. कोपीत वीज नाही, फोन चार्ज कुठं करायचा? रिचार्ज संपला की आधी जेवण, मग रिचार्ज. कुठं रेंज नसते.

ग्रुप चुकीच्या हातात गेला तर त्याच्यासारखं वाईट काही नाही. म्हणून मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, दुसऱ्याच्या घरातलं सांगायचं नाही, बाहेरचे मेसेज ढकलायचे नाहीत. एखादी आई मोठं दुःख सांगू लागली तर आम्ही तिला ग्रुपवरून बाजूला घेऊन फोन करतो, सगळ्यांसमोर उघडं होऊ देत नाही. ज्याचं मन फारच खचलं आहे त्याला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर देतो. तिथं मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट. आपल्यातल्या काहींनी प्रेमानं विचारलं आहे की या ग्रुपवर प्रार्थना, वचनं का पाठवत नाही? नाही पाठवत, आणि त्यामागे विचार आहे. त्या ग्रुपवर आपापले देव मानणारी माणसं आहेत. आपण मदतीच्या बदल्यात काही मागतो असं त्यांना एकदा जरी वाटलं, तर रात्री अकराला कोणी आई तोंड उघडणार नाही. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांना शिकवतो. त्यानं आधी जखम बांधली आणि खाणावळवाल्याला पैसे दिले. आमच्याकडून एवढं झालं तरी पुष्कळ.

मंडळीनं काय करावं

आता मागणी.

पहिली मागणी रिचार्ज आणि चार्जिंगची. हंगामाच्या सहा महिन्यांसाठी एका घराचा रिचार्ज कोणी घेतला, किंवा एखाद्या तळावर सौर चार्जर दिला, तर ग्रुप जिवंत राहतो. ज्यांच्या शेताजवळ कोप्या पडतात त्यांनी रात्री तासभर आपल्या पडवीतला बोर्ड वापरू दिला तरी चालेल.

दुसरी मागणी तुमच्या कानांची. महिला मंडळातल्या ज्या आज्या-मावश्या गलाई घरातल्या आहेत, ज्यांनी नवरा परमुलखात असताना लेकरं वाढवली, त्यांच्याइतकं हे दुःख कोण जाणतं? आठवड्यातून एक तास फोनवर ऐकायला बसणाऱ्या आठ-दहा बायका हव्यात. आम्ही आधी शिकवू. ऐकायचं कसं, उपदेश कधी करायचा नाही, कुठल्या शब्दावर सावध व्हायचं आणि १०९८ कधी लावायचा.

तिसरी मागणी, आपापल्या गावातली ग्राम बाल संरक्षण समिती जागी करा. ती कागदावर प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच तिचे प्रमुख असतात आणि अंगणवाडी सेविका सचिव. हंगामात आपल्या शिवारात उतरलेली लेकरं ही आपल्या गावचीच लेकरं आहेत, एवढं समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा. त्यांना अंगणवाडीचा आहार आणि शाळेत बसायला जागा मिळाली तरी दिवसभराचा अर्धा धोका टळतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारनं २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आणली आहे. आपल्या ओळखीच्या टोळीतल्या घरांना त्याची माहिती द्या, अर्जाला मदत करा.

चौथी मागणी थोडी अवघड आहे. या अंकात तुम्हाला त्या आईचा किंवा त्या मुलीचा फोटो दिसणार नाही. देणगीदारांना फोटो पाहून बरं वाटतं, हे मला कळतं. पण अशा मुलांची ओळख उघड करणं कायद्यानं मना आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही दिला नसता. आमच्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही देत राहावं, एवढीच विनंती.

येत्या हंगामासाठी आम्ही तिसरा गट सुरू करतो आहोत. बहुतेक घरं भिल्ल आणि पावरा समाजातली आहेत आणि पावरी बोलणारी ॲडमिन आम्हाला मिळाली आहे. ती स्वतः तीन हंगाम कोयत्यावर गेलेली आहे. टोळ्या दिवाळीनंतर उतरतील. त्याआधी ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी सभेनंतर महिला मंडळाच्या सचिवांकडे द्यावं. चार्जर आणि रिचार्जचा हिशेब पुढच्या अंकात छापला जाईल.